बुंध्यामागचं बोट

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात असते ती नव्हे, सुताराच्या खिशात असते तीही नव्हे. मी झाडांच्या बुंध्याचा घेर मोजणारी टेप आहे. माझी लांबी पाच मीटर, रंग पिवळा. म्हणजे होता. आता मी हळदीचे हात पुसलेल्या फडक्यासारखी दिसते, हे मला ठाऊक आहे, कुणी सांगायला नको. माझं हँडल तुटलं आहे, एका ठिकाणी मला चिकटपट्टी लावली आहे, आणि सध्या मी निघोजे गावात कोंडाजींच्या घरी कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला लटकते. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्याने काहीतरी भंगार जपून ठेवलं आहे. वाटू दे.

मी तुम्हांला माझी गोष्ट सांगणार आहे, पण आधीच सांगते, ती गोड नाही. मी दोनशे बारा झाडं मोजली. सात वर्षं मोजली. त्यांतलं एकही झाड आज उभं नाही. त्यात माझा दोष किती, हे तुम्हीच ठरवा. मी ठरवायला गेले की मला रडू येतं, आणि टेपला रडण्याची सोय नसते.

माझा जन्म भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. काचेचे बारीक तंतू, त्यांवर पिवळं प्लास्टिक आणि त्यावर काळे आकडे, एवढंच माझं शरीर. तिथे विजयश्री नावाची एक बाई तपासणीला होती. बोलायला फटकळ, नजरेला कडक. प्रत्येक टेप ती एका पोलादी पट्टीवर अंथरायची आणि केसाएवढा फरक दिसला तरी कचऱ्याच्या पेटीत भिरकावायची. माझ्या आधीच्या तिघी गेल्या पेटीत. मला तिने दोनदा ताणून बघितलं आणि म्हणाली, "ही नीट हाय. जा बाई, कामाला लाग." उन्हात लांबायची नाही, पावसात आकसायची नाही, अशी माझी जात. मला त्याचा फार गर्व होता.

मला विकत घेतलं वर्षालीने. ही कासारवाडीत राहणारी मुलगी. तिचे वडील लातूरकडून इकडे येऊन टर्नर झालेले. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत तिला कंत्राटावर काम मिळालं होतं. काम असं होतं की, ऊन वाढतं आहे, पाऊस लहरी झाला आहे, जमिनीतलं पाणी खाली चाललं आहे, तर अशा दिवसांत रान किती वाढतं आणि पुढे किती वाढेल, याचा अंदाज बांधायचा. त्यासाठी तिने निघोज्याच्या कडेचं तांबटाचं टेकाड निवडलं. एका अंगाला कंपन्यांच्या भिंती, दुसऱ्या अंगाला कंटेनरचा रस्ता आणि मधोमध गावकीचं जुनं रान. बेहडा, हिरडा, ऐन, धावडा, शिसव, कुंभा. आजूबाजूला एवढा धुरळा उडत असताना ही झाडं तिथे कशी काय टिकली होती, याचं मला पहिल्या दिवशीच नवल वाटलं.

ती टिकली होती कोंडाजींमुळे. कोंडाजी म्हणजे गावातले जुने शेतकरी. त्यांची सगळी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, मुलगा रोहिदास चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर झाला, आणि घरात बसून काय करायचं म्हणून कोंडाजी या रानाची राखण करू लागले. कुणी नेमलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. सकाळी भाकरी खाऊन टेकाडावर जायचं, कुणी कुऱ्हाड घेऊन आलं तर हाकलायचं, वणवा दिसला तर फांदीने झोडपायचा. "माज्या नावावर आता येक गुंठा न्हाई," ते म्हणायचे, "पन हे रान माजंच हाय. इच्यारा कुनालाबी." त्यांची बायको शालनबाई दुपारी डबा घेऊन वर यायची आणि त्यांची यथेच्छ टिंगल करायची.

वर्षालीने झाडांना पत्र्याचे बिल्ले ठोकले, एक ते दोनशे बारा. मग ती म्हणाली, "काका, घेर नेहमी छातीच्या उंचीवर मोजायचा."

"कुनाच्या छातीच्या?" कोंडाजींनी विचारलं.

"ह्यांच्या तर नगाच धरू," शालनबाई डबा सोडता सोडता म्हणाली. "वाकून वाकून दर साली खाली येती."

वर्षाली खो खो हसली आणि तिने एका काठीवर खूण करून दिली. काठी बुंध्याशी उभी करायची, खुणेपाशी मला गुंडाळायचं. वर्षाली पुढे उभी राहून आकडा वाचायची आणि वहीत लिहायची. मोठ्या झाडाला मात्र एकटीचा हात पुरत नाही. मी मागच्या बाजूला खाली घसरू नये म्हणून कोंडाजी बुंध्यामागे उभे राहून मला धरायचे. सुटलेली साल आधी हाताने झाडायची, वेल बाजूला सारायची, मग मला घट्ट बसवायचं. मित्रांनो, ही पद्धत नीट लक्षात ठेवा. पुढून वर्षाली, मागून कोंडाजी, आणि मध्ये झाड. दोघांना एकमेकांचे हात दिसत नसत.

दुपारी भाकरी खाताना कोंडाजींनी विचारलं, "मॅडम, हे आकडे घिऊन तुमी करनार काय?"

"कॉम्प्युटरमध्ये असंच एक रान लावणार," वर्षाली म्हणाली. "त्याला मॉडेल म्हणतात. आपल्या रानाचे आकडे त्याला खाऊ घालायचे. मग तिथे पाऊस कमी करून बघायचा, ऊन वाढवून बघायचं, जमिनीतलं पाणी खाली नेऊन बघायचं. म्हणजे पन्नास वर्षांनी इथे काय होईल ते आजच कळतं."

"म्हंजी खऱ्याला धक्का न्हाई आन् खोट्यावर परयोग."

"बरोबर."

"मंग खोट्या रानाची राखन कोन करनार?"

"तुमचे आकडेच करणार, काका. आकडे खरे असले की झालं."

कोंडाजींनी मान डोलावली. त्यांना ते पटलं की नाही, कोण जाणे. पण खोट्या रानातही झाडं वाळतात म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं होतं, हे मी पाहिलं.

पहिली वर्षं फार सुखाची गेली. दर जानेवारीत वर्षाली यायची, दोन दिवस आम्ही टेकाडावर असायचो. एक्केचाळीस नंबरचा बेहडा माझा लाडका होता. सरळ, रुंद, अंगाला खरखरीत. पहिल्या वर्षी तो एकशे त्रेसष्ट पूर्णांक दोन सेंटिमीटर भरला. दुसऱ्या वर्षी एकशे चौसष्ट पूर्णांक सहा. तिसऱ्या वर्षी एकशे पासष्ट पूर्णांक नऊ. आकडा वाढला की वर्षाली बुंध्यावर थाप मारून "शाब्बास रे पठ्ठ्या" म्हणायची, आणि कोंडाजींची छाती, वाकलेली असली तरी, फुगायची. संस्थेतल्या मोठ्या बाईंनी एकदा मला हातात घेऊन वर्षालीला सांगितलं, "ही टेप बदलू नकोस हं. हिचे आकडे एकसारखे येतात." मी आठवडाभर हवेत होते.

चौथ्या वर्षी बेहडा पुन्हा एकशे पासष्ट पूर्णांक नऊच भरला. वर्षालीने मला सोडवून पुन्हा गुंडाळलं. तेच. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, कुणीच पुढे सरकलं नव्हतं. त्या वर्षी पाऊस लवकर उघडला होता, उन्हाळा लांबला होता. टेकाडाच्या पायथ्याशी कंपन्यांनी बोअर घेतली होती आणि गावातल्या दोन विहिरी कोरड्या पडल्या होत्या. पानांवर एवढी धूळ होती की झाडांचा रंग ओळखू येत नव्हता.

वर्षाली खाली दगडावर बसली. "रान खंगतंय, काका," ती म्हणाली. तिने वही मिटली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मित्रांनो, इथेच सगळं फिरलं. कोंडाजी बुंध्यामागे होते, त्यांचा चेहरा मला दिसत होता. पण त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला पुढे तीन वर्षांनी कळलं. तुम्हांला आत्ताच सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना लबाड म्हणाल आणि ते मला सोसणार नाही.

कोंडाजींची जमीन गेली तेव्हा भरपाईसाठी बांधावरच्या झाडांचा पंचनामा झाला होता. साहेब टेप घेऊन आला. ज्या आंब्याचा बुंधा जाड, त्यापुढे त्याने "फळझाड" लिहिलं. ज्याचा बारीक, त्यापुढे "निकामी" लिहून काट मारली. कोंडाजींच्या हाताने लावलेले सात आंबे त्या काटेखाली गेले. शेजारचे लोक मात्र हुशार. टेप झाडाभोवती फिरली की ते मागच्या बाजूने हळूच टेपखाली बोट सरकवायचे. घेर फुगायचा, झाड कागदावर जिवंत राहायचं. गावात तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी हेच होतं. मोजणारा आला की बोट घालायचं. कोंडाजींना ही अक्कल उशिरा आली, आणि त्या सात आंब्यांचं दुःख त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

त्यात आता मॅडम म्हणतात, रान खंगतंय. खंगलेलं जनावर कुणी दावणीला ठेवत नाही, एवढं शेतकऱ्याला माहीत असतं. वर्षाली ही चांगली पोर, पण तिच्या वर साहेब असणार, साहेबाच्या हातात पेन असणार, आणि ते पेन काट मारणार. कोंडाजींनी कुणाला विचारलं नाही. शालनबाईलासुद्धा नाही.

पाचव्या वर्षी मी बेहड्याला गुंडाळली गेले आणि मागच्या बाजूला मला काहीतरी टोचलं. मला वाटलं साल सुटली असेल. मग त्याची ऊब जाणवली. ते बोट होतं, म्हाताऱ्या माणसाचं, घट्टे पडलेलं. मी ओरडले, पण टेपला तोंड कुठे असतं? पुढे वर्षाली वाकून आकडा वाचत होती.

"एकशे सहासष्ट पूर्णांक पाच!" तिचा आवाज फाटला. "काका, वाढलाय!"

"वाडनारच की," बुंध्यामागून कोंडाजी म्हणाले. "आपलं रान हाय ते."

खरा आकडा एकशे पासष्ट पूर्णांक आठ होता. बेहडा वाढला तर नव्हताच, तहानेने किंचित आकसला होता. हे मला माहीत होतं आणि मी सांगू शकत नव्हते. माझ्या पोटात जेवढं येईल तेवढंच मी बोलते. बोट आलं तर बोटासकट बोलते. माझ्यात खोट नव्हती, तरी माझ्या तोंडून खोटं निघत होतं, आणि त्या दिवशी मला स्वतःची शिसारी आली.

सहाव्या वर्षी एक बोट पुरणार नव्हतं. कोंडाजींनी बोटावर बोट ठेवलं. बेहडा एकशे सदुसष्ट पूर्णांक चार. सातव्या वर्षी त्यांनी कनवटीची चुन्याची डबी काढली आणि ती आडवी माझ्याखाली दाबली. एकशे अडुसष्ट पूर्णांक दोन. दोनशे बारांपैकी जेवढी झाडं वर्षालीच्या मिठीत मावत नव्हती, तेवढ्या सगळ्यांना त्यांनी असंच वाढवलं. एवढ्या मायेने कुणी कुणाचा घात करताना मी दुसरं पाहिलेलं नाही.

वर्षालीला शंका आली नाही असं नाही. बारीक झाडं ती एकटीच मोजायची, त्यांचे आकडे मात्र ठप्प होते. सातव्या वर्षी तिने विचारलं, "काका, टेप मागे घट्ट असते ना?"

"घट्टच की. दिसतीय न्हवं?"

तिला दिसत नव्हती. चार पावलं चालून मागे यायला काय लागलं असतं? पण ती आली नाही. बारक्यांना मोठ्यांच्या सावलीमुळे ऊन मिळत नसेल, मोठ्यांची मुळं खोल पाण्याला लागली असतील, असं तिने स्वतःला समजावलं. रान जगावं असं तिलाही मनापासून वाटत होतं ना. मला तिचा राग येतो आणि कीवही येते.

त्या उन्हाळ्यात एका गोदामांच्या कंपनीने टेकाडाचा पश्चिमेकडचा उतार मागितला. उतार कापून सपाट करायचा, कंटेनर उभे करायचे आणि खाली चार खोल बोअर घ्यायची. झाडांना हात लावणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं. सरकारी समितीने विचारलं, पाणी उपसलं तर झाडांचं काय होईल? या रानाचा सलग सात वर्षांचा अभ्यास एकच होता. तो वर्षालीचा होता.

वर्षालीने मॉडेल चालवलं. बिचारं कॉम्प्युटरमधलं रान, त्याला जे खाऊ घातलं तेच ते बोललं. पाणी खाली गेलं तरी मोठी झाडं वाढत राहतात, असं त्याने सांगितलं. पन्नास वर्षांनीही रान हिरवं दिसत होतं. वर्षालीने आढेवेढे घेत अहवाल लिहिला, पण आकडे झाकता येत नव्हते, आणि तिला ते खरेच वाटत होते.

निघोज्यात ग्रामपंचायतीच्या सभागृहात सभा झाली. वर्षालीच्या उघड्या पिशवीत मी होते. समितीचा साहेबराव नावाचा एक अधिकारी उभा राहिला आणि त्याने कागद वाचला, "सात वर्षांत भूजल खाली गेले असूनही वृक्षांच्या घेरात सातत्याने वाढ झाली आहे. सबब बोअर घेण्यास व उतार सपाट करण्यास हरकत दिसत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण कंपनीने गावातल्या तरुणांना नोकऱ्या द्यायचं कबूल केलं होतं.

कोंडाजी मागच्या खुर्चीवर होते. ते उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. सभा संपल्यावर त्यांनी वर्षालीला सभागृहाच्या मागे गाठलं. शालनबाईही धापा टाकत आली.

"मॅडम, त्यो कागद फाडा," कोंडाजी म्हणाले.

"फाडून काय होणार, काका? मलाही नकोय ते. पण झाडं वाढलीत हे खरं आहे."

"न्हाई वाडली."

"म्हणजे?"

"म्या बोट घातलं व्हतं. टेपंखाली. पयल्यांदा बोट, मंग दोन बोटं. औंदा चुन्याची डबी."

शालनबाईने कपाळावर हात मारून घेतला. "अवो, काय म्हंता काय! पोरीच्या कामात बोटं घातली?"

"का, काका?" वर्षालीचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पिशवीत जेमतेम ऐकू आला.

"जमीन मोजाय आले तवा बारक्या झाडास्नी काट मारली. मला वाटलं, हितंबी तसंच. रान जोमात दिसाय पायजे. जोमात दिसलं तर ठिवत्याल."

"काका, मी तोडायला मोजत नव्हते. ती आजारी आहेत हे दाखवायला मोजत होते. ती वाढायची थांबली, हे कागदावर आलं असतं ना, तर आज बोअरला परवानगी मिळालीच नसती. तेवढ्या एका गोष्टीसाठी सात वर्षं मी इथे येत होते."

कोंडाजी भिंतीला टेकून खाली बसले. "मला कुनी सांगितलं न्हाई," एवढंच ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "आन् म्या इच्यारलं न्हाई."

वर्षाली रडत होती. "चूक माझी आहे. सात वर्षं मी पुढून वाचत राहिले. एकदाही मागे येऊन बघितलं नाही." त्यावर कोंडाजींनी हात जोडले, आणि ते जोडलेले हात शालनबाईने धरून खाली केले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही टेकाडावर गेलो. या वेळी मागे शालनबाई उभी राहिली आणि कोंडाजी लांब, हात पाठीशी बांधून. बेहडा एकशे पासष्ट पूर्णांक तीन भरला. एकामागून एक सगळी झाडं तशीच, कुठे ठप्प, कुठे आकसलेली. खरं सांगताना मला किती हलकं वाटायला हवं होतं! पण प्रत्येक आकडा वर्षाली दोनदा वाचून मगच लिहीत होती, आणि मला एकेक आकडा जड जात होता.

तिने समितीला पत्र लिहिलं, नवे आकडे जोडले, चूक कबूल केली. कोंडाजींनी त्यावर बोटाचा ठसा उमटवला. त्यांना सही येते, पण म्हणाले, ज्या बोटानं खोटं केलं त्याचाच ठसा घ्या. आठ दिवसांनी साहेबरावांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्याने चहा पाजला आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, तीन वर्षांचे आकडे खोटे असतील तर आधीच्या चार वर्षांचे खरे कशावरून?"

वर्षालीने वही उघडून पहिल्या चार वर्षांची पानं त्याच्यापुढे सरकवली.

"म्हणजे अभ्यासच बाद धरावा लागेल," तो म्हणाला. "आणि अभ्यास बाद झाला तर झाडांना धोका आहे याला पुरावा काय उरतो? काहीच नाही. परवानगी थांबवायला कारणच नाही."

आकडे ठेवले तरी बोअर, आकडे काढले तरी बोअर. मी टेबलावर पडून ऐकत होते. हे आकडे पाठ असलेली त्या खोलीत मी एकटी होते. पहिली चार वर्षं खरी आहेत, मी सांगते, मला विचारा, असं मी जीव तोडून म्हणत होते. मला कोण विचारणार?

पावसाळ्याआधी बोअर झाली. उतार कापताना पश्चिमेकडच्या झाडांची मुळं उघडी पडली, ती उन्हात काळी पडली. पहिल्या वर्षी हिरडे वाळले, दुसऱ्या वर्षी ऐन आणि शिसव. कोंडाजी खालून कॅनने पाणी न्यायचे. या गुडघ्यांनी, त्या चढावर, दिवसाला सहा खेपा. रोहिदास चिडायचा, "आण्णा, दोनशे झाडं कॅनवर जगत्यात का?" कोंडाजी ऐकायचे नाहीत. त्यांनी बेहड्याला सगळ्यांत जास्त पाणी घातलं. तरी त्याची पालवी त्या चैत्रात फुटलीच नाही, आणि टेकाडावर एकही हिरवं झाड उरलं नाही.

वर्षालीचं कंत्राट संस्थेने पुढे वाढवलं नाही. ती आता हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत आहे. जायच्या आधी ती निघोज्याला आली आणि मला कोंडाजींच्या हातात देऊन म्हणाली, "ठेवा तुमच्याकडे. मला हिच्याकडे बघवत नाही." मला ते फार लागलं. पण तिचंही बरोबर होतं.

या जानेवारीत वाळलेल्या झाडांचा लिलाव झाला. वठलेलं रान वणव्याला धोकादायक, म्हणून काढून टाकायचं ठरलं. तळेगावचा लाकडाचा ठेकेदार आला, त्याच्या माणसाकडे टेप नव्हती. कुणीतरी म्हणालं, कोंडाजींकडे आहे. ते मला घेऊन आले. त्यांना कुणी धरायला सांगितलं नव्हतं, तरी ते सवयीने बुंध्यामागे जाऊन उभे राहिले.

"आजोबा, टेप ढिली सोडू नका हां," ठेकेदार म्हणाला. "मला नंतर लाकूड कमी भरतं."

कोंडाजींनी मला बेहड्याच्या वाळक्या अंगावर तळहाताने सपाट दाबलं. मध्ये काही नव्हतं. त्यांनी मला इतकं ओढून धरलं की मला एका ठिकाणी भेग पडली.

"एकशे बासष्ट पूर्णांक चार," ठेकेदाराने वाचलं आणि लिहून घेतलं. "सरकारी कागदात तर एकशे अडुसष्ट आहे. एवढं झाड गेलं कुठं?"

कोंडाजींनी मला सोडवलं आणि ते पुढच्या झाडामागे जाऊन उभे राहिले. दोनशे बारा झाडं त्यांनी अशीच धरून मोजून दिली. एकाही आकड्यात खोट नव्हती, आणि ते सगळे आकडे सरपणाचे होते. घरी आल्यावर शालनबाईने मला चिकटपट्टी लावून दिली आणि कोंडाजींनी मला खिळ्याला अडकवलं. त्यानंतर ते टेकाडाकडे गेलेले नाहीत. सकाळी उठून चपला घालतात, उंबऱ्यापर्यंत येतात आणि तिथेच बसून राहतात. शालनबाई म्हणते, "जावा की जरा पाय मोकळे कराय." ते म्हणतात, "कुटं जाऊ?"

तर मित्रांनो, तुम्ही लहान आहात. उद्या तुमच्यापैकी कुणी झाडं मोजेल, कुणी नदीचं पाणी मोजेल, कुणी तापलेली हवा मोजेल. मोजताना एकदा तरी वळसा घालून मागे जाऊन बघा, आणि टेप धरणाऱ्याला आपण कशासाठी मोजतो आहोत ते आधी नीट समजावून सांगा. आणि तुमच्या मायेचं कुणी आजारी असेल, माणूस असो, ओढा असो, झाड असो, तर त्याचं दुखणं झाकू नका. जोमात दाखवलं म्हणून कुणी जगत नाही. माझ्या दोनशे बारा झाडांसाठी हे सांगायला फार उशीर झाला आहे. मी टेप आहे, मला सगळं कळत होतं आणि बोलता येत नव्हतं. तुम्हांला बोलता येतं.